बाळगोंडा अण्णांचा कान

बाळगोंडा अण्णा नेहमी खाली बघून चालत. पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं पीत, दिवस मावळायच्या आत जेवत, आणि अंगावर डास बसला तर त्याला हाताने न हाकलता फुंकर घालत. निपाणीत त्यांच्या या अहिंसेचं फार कौतुक होतं. त्यांच्या बायकोचा आवाज मात्र मी त्यांच्या घरात राहायला गेल्यावर कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा ऐकला. तोही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कुजबुजीत.

मी मूळची खानापूरची. नवरा वारल्यावर ट्रेनिंग करून मास्तरीण झाले आणि निपाणीच्या मुलींच्या शाळेत माझी बदली झाली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. एकट्या बाईला खोली कोण देणार? अण्णांनी दिली. घराण्याची तंबाखूची वखार होती, ती त्यांचा धाकटा भाऊ बघायचा. अण्णांना मूलबाळ नव्हतं आणि उद्योगही नव्हता. त्यांचा उद्योग म्हणजे घंटा.

घराच्या पुढच्या सोप्याच्या तिन्ही भिंतींना खुंट्या होत्या आणि खुंटीखुंटीला घंटा टांगलेली होती. देवळातल्या, पूजेतल्या, हत्तीच्या गळ्यातल्या, बैलांच्या, शेळ्यांच्या. कणकुंबीच्या रानात गुरांच्या गळ्यात बांधतात त्या लाकडी घंटासुद्धा होत्या. काचेच्या कपाटात खुळखुळे. विहीर खणताना, नांगरताना जमिनीतून निघालेले, मातीचे, पोकळ, कुठला चिमणीच्या आकाराचा, कुठला मेंढ्याच्या. ते किती जुने होते ते अण्णांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण हातात धरताना ते असा हात करत की जणू तान्हं मूल घेतलंय.

"राजे गेले, देवळं पडली," ते म्हणत, "पर आतलं खडं अजून तसंच बोलत्यात. कुण्या आईनं हालवून पोर निजवलं आसंल. तिला काय ठावं, मी आयकणार हाय म्हणून."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"मास्तरीणबाई, घंटेला तीन भाग आसत्यात. आधी ठोका, मंग अंग, मंग शेपूट. ठोका बहिऱ्यालाबी कळतोय. कानाचा माणूस वळखायचा शेपटावर. मी वाजवतो. शेपूट संपलं की बोट खाली करायचं."

माझ्या पाठीमागे घंटा वाजली. मी बोट वर धरून डोळे मिटून ऐकत राहिले. नाद बारीक बारीक होत गेला, तरी होताच. बऱ्याच वेळाने मी बोट खाली केलं आणि वळले. अण्णांनी घंटा हातात गच्च दाबून धरली होती.

"वाजवल्या वाजवल्या धरलीया," ते म्हणाले आणि खदाखदा हसले. "मंग काय आयकत हुतासा इतका येळ? कान लई खोटारडं जनावर हाय बाई. त्याला सांगितलं आवाज हाय, की त्येला आवाज हाय."

हा खेळ ते आल्यागेल्या प्रत्येकाशी खेळत. फौजदार, शाळातपासनीस, भावाचे व्याही, सगळ्यांची बोटं अशीच हवेत राहिली होती. जो जितका मोठा, त्याला अण्णा तितका जास्त वेळ बोट वर धरू देत.

माणसांना ते आवाजावरून नावं ठेवत. वखारीतला दिवाणजी म्हणजे "पितळी तांब्या", माझ्या हेडबाई म्हणजे "ओला ढोल". नावं अशी चपखल असत की ऐकणारा हसायचा, आणि मग त्या माणसाला तेच नाव जन्माचं चिकटायचं. बायकोला त्यांनी ठेवलेलं नाव "फुटकं भांडं".

त्यांच्या बायकोला आम्ही पद्माक्का म्हणत असू. लग्न झालं तेव्हा त्या परकरी पोरच होत्या. दुसऱ्या दिवशी बायकांनी आग्रह केला म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं. नाव घेऊन पुरतं होतंय न होतंय तोच नवरदेव ओरडला, "सुम्किर!" कानडीत म्हणजे गप्प बस. मग मराठीत, सगळ्या पाहुण्यांना कळावं म्हणून, "फुटक्या भांड्यागत आवाज हाय. ह्यो आवाज मी जलमभर आयकायचा काय?"

पाहुणे हसले. आक्का त्यानंतर त्या घरात मोठ्याने बोलल्या नाहीत. जेवायला बोलवायचं तर चौकटीवर बोट वाजवायचं, काही विचारायचं तर समोर येऊन उभं राहायचं. कामवाली पोर गंगीसुद्धा त्या घरात आल्यापासून कुजबुजत बोलायला शिकली होती. अण्णांना बारीक, वरच्या पट्टीतला आवाज सोसत नसे. तव्यावर उलथणं घासलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

पण कान खरा होता, हे म्हटलं पाहिजे. चिकोडीपासून संकेश्वरापर्यंत कुठेही देवळात, जैनांच्या बस्तीत नवी घंटा चढवायची असली की आधी अण्णांना बोलावणं यायचं. ते डोळे मिटून एक ठोका ऐकत आणि सांगत. एकदा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने काशात शिसं मिसळून घंटा विकली. अण्णांनी ऐकताक्षणी सांगितलं. फोडून बघितली तर खरंच भेसळ. मग अण्णांनी तिचा मोठा तुकडा दोरीत ओवून त्या व्यापाऱ्याच्या गळ्यात घातला आणि भर बाजाराच्या दिवशी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तो व्यापारी पुढे गाव सोडून गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईला न्यायला कुणी आलं नाही, ती बस्तीच्या पायरीवर बसून राहायची. अण्णा तिच्यासमोरून जाताना खाली बघून जात. मुंगीसाठी.

नापास झालेली घंटा ओताऱ्याने स्वतःच्या हाताने फोडायची, हा नियमही अण्णांचाच. "ज्यानं जल्माला घातली, त्यानंच मारायची," ते म्हणत. आणि लोक ते मानत.

एक दिवस वेदगंगेकाठचा एक शेतकरी आला. बायको आणि कडेवर पोरगी. विहिरीच्या गाळात सापडलेला मातीचा खुळखुळा त्याने आणला होता, म्हणजे आणला होता पोरीनेच. तिच्याच हातात होता तो, आणि ती तो वाजवून वाजवून हसत होती. अण्णांनी हात पुढे केला. पोरगी देईना. अण्णांनी तिची बोटं एकेक करून उलगडली आणि खुळखुळा घेतला. पोरीने आकांत मांडला. बाप कसनुसा म्हणाला, "अण्णा, जरा येळ खेळू दे, मंग देतोच की."

अण्णांनी खुळखुळा कानाशी धरला होता. पोरीकडे न बघता ते मला म्हणाले, "बघा बाई, किती फरक. ह्यो मातीचा, इतका जुना, तरी गोड. आन् ही हाडामांसाची, आत्ताची, आन् चिरकतीया."

आई पोरीला घेऊन बाहेर गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत रडणं ऐकू येत होतं. अण्णा कपाळाला आठ्या घालून बसले होते, आवाज बंद होईपर्यंत.

तोच खुळखुळा पुढे मुका झाला.

म्हणजे अण्णांना तसं वाटलं. दोनतीन वर्षं गेली असतील. एका सकाळी ते कपाट उघडून खुळखुळे पुसत होते. तो हातात घेऊन हलवला, पुन्हा हलवला, कानाशी नेला. मग गंगीला हाक मारली.

"ह्येला पाणी लावलंस?"

"न्हाय अण्णा. मी कपाटाला हातच लावत न्हाय."

"मंग आत खडं चिकाटल्यात कसं? भिजल्याबिगार चिकाटतंय?"

मी शाळेत निघाले होते, दारात उभी होते. खुळखुळा वाजत होता. वाळू चाळावी तसा, अगदी स्पष्ट. मला वाटलं अण्णा गंगीची थट्टा करताहेत. पण त्यांनी तिच्या दोन थोबाडीत दिल्या आणि आत्ताच्या आत्ता घरी जायला सांगितलं. तिची आई विड्या वळायची, घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. पोर रडतसुद्धा कुजबुजीत होती.

आक्का पुढे झाल्या. "वाजतोय की ओ," त्या हळूच म्हणाल्या. अण्णांनी मान वळवली नाही. मग तरातरा आत गेले, वरवंटा आणला आणि खुळखुळा जोत्याच्या दगडावर ठेवून फोडला. खापऱ्या उडाल्या. आतले खडे कोरडे ठणठणीत, टपटप उड्या मारत सोपाभर पसरले. एक माझ्या पायाशी आला.

अण्णा त्या खड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झिजल्यात. बघा, गोल झाल्यात पार." आणि कपाट लावून आत गेले.

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का माझ्याकडे बघत होत्या.

नंतरच्या शनिवारी सकाळची शाळा आटपून मी दुपारी मागच्या दाराने घरी आले तर सोप्यातून गाणं ऐकू येत होतं. बाईचा आवाज, बारीक, वरचा, पण स्वच्छ. मला वाटलं कुणी पाहुणी आलीय. सोप्यात डोकावले. अण्णा झोपाळ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर आक्का शेंगा निवडत जात्यावरची ओवी म्हणत होत्या. ओवी संपली. मग त्याच सुरात, त्याच गोडव्याने त्या नवऱ्याच्या पाठीला म्हणाल्या, "मेल्या, तुझी जीभ झडंल. किडं पडतील तुझ्या तोंडात. गंगीच्या गालावर हात उचललास, त्यो हात लुळा पडंल."

अण्णांना माझी सावली दिसली असावी. ते वळले आणि हसून म्हणाले, "या बाई. आज घर कसं गार, शांत हाय."

संध्याकाळी आक्का वर माझ्या खोलीत आल्या. पहिल्यांदाच.

"भिऊ नगा बाई. जाड आवाज जातोय अजून ह्यांच्या कानात. गड्यांचं बोलणं कळतंय. बारीक जात न्हाय. तुमचाबी जात न्हाय, म्हणून ते तुमच्या तोंडाकडं बघत्यात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"लगीन झाल्यापास्नं माझा आवाज पडला की ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. एक दिस पडंना झाली. मी आदी घाबरले. म्हटलं, मया आली का काय माझ्यावर."

"मग त्यांना सांगा ना. बेळगावला डॉक्टर आहेत."

आक्का माझ्याकडे, मी फार लहान असल्यासारखं बघत राहिल्या. "कुणी सांगायचं? फुटक्या भांड्यानं?"

त्या वर्षी निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या बस्तीसाठी नवी घंटा ओतली गेली. ओतणारा सिदाप्पा ओतारी. बाप वारल्यावर त्याने स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे पहिलं मोठं काम. गावातल्या बायकांनी आपापली जुनी काशाची ताटं, वाट्या, फुटके गडवे आणून दिले होते. कुणी सासूची वाटी, कुणी माहेरचं ताट. सिदाप्पाने सगळा पावसाळा मेणाचा साचा घडवण्यात घालवला. माणूस अबोल, रुंद, हातावर भाजल्याचे डाग. घंटा झाली तेव्हा ती गाडीतून आणताना तो बैलांच्या पुढे चालत आला होता, आणि खाचखळग्याला वळून तिच्यावर हात ठेवत होता म्हणे.

घंटेच्या परीक्षेला सगळं गाव बस्तीच्या आवारात जमलं होतं. आक्का मला बरोबर घेऊन गेल्या. आम्ही बायकांत बसलो.

अण्णांनी डोळे मिटले आणि ठोका दिला.

मी पुष्कळ घंटा ऐकल्या आहेत. तशी पुन्हा ऐकली नाही. ठोका मऊ होता, आणि त्यातून वर एक बारीक, चांदीच्या तारेसारखा नाद निघाला आणि आवारावरून, चिंचांवरून पार शेतांकडे गेला. माझ्या शेजारच्या म्हातारीने हात जोडले.

अण्णांनी डोळे उघडले. "मेलेली हाय," ते म्हणाले.

कुणाला काही कळेना. सिदाप्पा पुढे आला. "अण्णा, ठोका नीट बसला न्हाय. परत वाजवा."

अण्णांनी परत वाजवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना ठोका आणि घरघर एवढंच ऐकू येत असणार. वरचा सगळा नाद त्यांच्या कानाबाहेरून चालला होता. तिसऱ्यांदा त्यांनी एवढ्या जोरात हाणली की खांब हादरला.

"ठोका हाय, अंग हाय, शेपूटच न्हाय. मेलेली हाय. फोड."

सिदाप्पा लोकांकडे वळला. "तुमास्नी आयकू येत न्हाय काय? अजून घुमतीया ती! आयका की!"

खरंच घुमत होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग पुढे बसलेले एक वृद्ध गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "अण्णा म्हणत्यात त्ये बराबर हाय. शेपूट जरा आखूडच वाटलं मला."

"मधीच तुटतंय," दुसरा म्हणाला.

"मलाबी तसंच वाटलं हुतं, पर म्हटलं आपल्याला काय कळतंय."

बघता बघता सगळ्या आवाराला ती घंटा मेलेली ऐकू येऊ लागली. माझ्या शेजारच्या म्हातारीने जोडलेले हात सोडले. मी उठायला गेले, तर गुडघ्यावर आक्कांचा हात पडला. इतका जड, की मला उठता येईना. त्यांची नजर समोर होती, अण्णांवर.

सिदाप्पाने घण घेतला. पहिला घाव घातला तेव्हा घंटा इतकी गोड ओरडली की त्याचा हात थांबला. अण्णा म्हणाले, "हाण." त्याने हाणला. फुटायला बराच वेळ लागला. फुटल्यावर बायका पुढे झाल्या आणि तुकड्यांत आपापल्या ताटवाट्या शोधू लागल्या. त्या कुठल्या सापडायला.

परत येताना गाडीत मी आक्कांना म्हटलं, "तुम्ही मला का बसवलंत? एक शब्द बोलला असता तर थांबलं असतं सगळं."

"म्हणूनच," आक्का म्हणाल्या. "लई वर्सं वाट बघितली हुती मी. सगळ्यांच्यासमोर चुकायला पायजे हुता ह्यो माणूस."

"आणि सिदाप्पा?"

आक्का गाडीच्या चाकाकडे बघत होत्या. "सिदाप्पा मधी आला," त्या म्हणाल्या.

गाडीत पुढे अण्णा गाडीवानाला चांगल्या पहाडी आवाजात घंटेच्या शेपटाविषयी समजावून सांगत होते.

अण्णांनी मारलेल्या घंटेच्या ओताऱ्याला पुन्हा काम कोण देणार? सिदाप्पाने साचे विहिरीत टाकले आणि तो तंबाखूच्या वखारीत लागला, अण्णांच्याच भावाच्या. तंबाखू कुटताना धूळ उडायची, ती छातीत बसली. त्याचा खोकला वाड्यावस्तीत ओळखीचा झाला. तो जाड होता, अण्णांनाही ऐकू यायचा. "कोण खोकतंय त्ये?" ते विचारत. "फुटक्या नगाऱ्यागत."

अण्णांना ऐकू येत नाही ही बातमी मात्र फुटायची थांबली नाही. आक्काच ती फोडत होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर त्या अण्णांच्या पाठीमागे उभ्या राहून मोठ्याने बोलून दाखवत, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. मग बाजारातली पोरं शिकली. अण्णा खाली बघून चालले की मागून त्यांच्या मानेशी टाळ वाजवायची. ते वळले नाहीत की सगळा बाजार हसायचा. कालांतराने जाड आवाजही जाऊ लागले. अण्णा म्हणू लागले, हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, घंटांना पूर्वीचं शेपूट राहिलं नाही, लढाईने धातूच वाईट झाला.

मग सिदाप्पाची घंटा फोडली त्याच खेड्यातून पुन्हा बोलावणं आलं.

त्या सकाळी मी पाहिलं, आक्कांनी स्वतः अण्णांचा पटका बांधला, शालीची घडी मोडून खांद्यावर नीट घातली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. अण्णाही खूश होते. "बघा, गरज लागतीया अजून," ते मला म्हणाले. दारात गाडी उभी होती, पुढे हलगीवाला. आक्का आल्या नाहीत. मला शाळा होती.

तिथे काय झालं ते गंगीने मला सांगितलं. ती आता मोठी झाली होती, आईबरोबर विड्या वळायची. मुद्दाम बघायला गेली होती. सांगताना ती उठून, नकला करून सांगत होती आणि तिचा आवाज आता खणखणीत होता.

अण्णांना पाटावर बसवलं, हार घातला. घंटा उंच टांगली होती, हात पोचणार नाही अशी. दोरी सिदाप्पाच्या हातात दिली होती. अण्णांनी त्याला ओळखलं आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटले. सिदाप्पाने दोरी ओढली. घंटा हलली. तिला लोलकच नव्हता. सगळं आवार गपगार, पाखरू बोलत नव्हतं.

अण्णा खूप वेळ डोळे मिटून बसले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. गंगी म्हणाली, "बाई, हसलं ते. तसं हसल्यालं मी कवा बघितलं न्हवतं."

"गोड हाय," अण्णा म्हणाले. "शेपूट लांब हाय. सिदाप्पा, गेल्या बारीला तुझ्यावर लई कडक बोललो मी. ह्या बारीला जमलं बघ तुला."

त्यांनी डोळे उघडले. सगळं गाव पोट धरून लोळत होतं. अण्णांना आवाज येत नव्हता, नुसती उघडी तोंडं दिसत होती. ते एकेका तोंडाकडे बघत राहिले. मग एकाने काठीने घंटा कलती केली आणि आतली पोकळी त्यांच्याकडे केली. अण्णा पाटावरून उठले, खाली जाऊन मान वर करून आत बघितलं. नीट बघितलं.

"आणि सिदाप्पा?" मी विचारलं.

"त्योबी हासत हुता," गंगी म्हणाली. "हासता हासता खोकला लागला त्येला. लई रगात पडलं."

"आणि तू?"

"मी तर लईच हासले," गंगी म्हणाली, आणि गालावर हात ठेवला.

त्यानंतर अण्णा घराबाहेर पडले नाहीत. मी शाळेतली पाटी आणून दिली, लिहून बोलू म्हटलं. आक्कांना लिहिता येत नव्हतं, पण मी होते. त्यांनी पाटी परत माझ्या हातात ठेवली. दिवसभर झोपाळ्यावर बसायचे. आक्का मात्र बोलायला लागल्या होत्या. दाणेवाल्याला, गवळ्याला, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारायच्या. कुणी दारात येऊन म्हशीसाठी, बैलासाठी घंटा मागितली की भिंतीवरची काढून द्यायच्या, अण्णांच्या डोळ्यांदेखत. खुंट्या रिकाम्या होत गेल्या. अण्णा बघत राहायचे, अडवायचे नाहीत. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ते विचारायचे, "दिवस मावळला?" आक्का मान हलवून हो म्हणायच्या. दुपार नीट कललेली नसायची. अण्णा नेम मोडायला नको म्हणून उपाशी झोपायचे.

एकदा मी आक्कांना म्हटलं, "पुरे झालं आता."

"कुणाचं?" त्या म्हणाल्या.

स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी निपाणीतल्या सगळ्या देवळांतल्या, बस्तीतल्या घंटा एकदम वाजल्या. शाळेची घंटा मुली दमेपर्यंत वाजवत होत्या. माणसं झेंडे घेऊन धावत होती. अण्णा झोपाळ्यावरून उठून दारात आले आणि घाबऱ्या आवाजात विचारू लागले, "काय झालं? आग लागलीया काय?" त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. मी त्यांचा हात धरून आत आणला आणि तळहातावर बोटाने लिहिलं. त्यांना काय कळलं, देव जाणे. त्यांनी मान हलवली.

त्याच महिन्यात माझी खानापूरला बदली झाली. निघायच्या सकाळी टांगा दारात आला, तेव्हा मी निरोप घ्यायला सोप्यात गेले. सिदाप्पा वारल्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. अण्णांना ते कुणी कळवलं नव्हतं.

आक्का आंबिलीची वाटी घेऊन अण्णांच्या समोर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग हात हळूच पुढे केला आणि आक्कांच्या गळ्यावर ठेवला. मी दचकले. पण त्यांनी दाबला नाही. नुसता तळवा टेकवला होता, ताप बघावा तसा.

"बोल," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना कळत नसल्यामुळे तो वेडावाकडा, कधी मोठा कधी लहान येत होता. "हाताला कळतंय मला. काल झोपाळ्याच्या कडीला हात लावला तवा कळलं. एकडाव बोल. कायबी बोल. माझं नाव घे."

अण्णांनी डोळे मिटले होते आणि मान जराशी कलती केली होती, घंटा ऐकताना करत तशी. आक्कांनी तोंड उघडलं नाही. आवंढासुद्धा गिळला नाही. त्यांच्या गळ्याची शीर मला दिसत होती, ती तेवढी उडत होती. अण्णांची बोटं तिथेच थोडी सरकली, थांबली.

"बोल की गं," अण्णा म्हणाले.

बाहेर टांगेवाल्याने घोड्याला चुचकारलं. अण्णांचा हात थकला आणि खाली मांडीवर पडला.

आक्कांनी माझ्याकडे मान वळवली. "जावा बाई, जपून जावा," त्या म्हणाल्या. आवाज रस्त्याच्या कोपऱ्यावर ऐकू जाईल इतका स्वच्छ होता. "पोचल्यावर कळवा. परत कवा इकडं आलासा तर उतरायला आपलं घर हाय."

अण्णा आक्कांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते.